वर्डेलचा राखून ठेवलेला हात

माझ्या भावाला, वर्डेलला, मिस्टर पर्नेलच्या बॉक्सिंगच्या तालमीत पहिल्यांदा नेलं ते मी. आईला वेळ नव्हता आणि वडील तोवर देवाघरी गेले होते. वर्डेल नुकता पंधरा वर्षांचा झाला होता, पण पलंगावर झोपला की त्याच्या पोटऱ्या बाहेर लोंबायच्या. सकाळी न्याहारीला बसला की आई आमच्या ताटलीतलं त्याच्याकडे सरकवायची आणि वर माझ्याकडेच डोळे वटारून बघायची. रस्त्यावर पोरं त्याला डिवचायची. तो मारायचा नाही, पण एक दिवस मारलंन्, आणि त्या पोराच्या आईनं आमच्या पायऱ्यांवर येऊन जो तमाशा केला तो सगळ्या उत्तर फिलाडेल्फियानं ऐकला असेल. तेव्हाच मी ठरवलं, याचे हात कुठेतरी कामाला लावायला हवेत.

टायरच्या दुकानावर, लाकडी जिना चढून वर तालीम. घामाचा, चामड्याचा आणि अंगाला चोळायच्या तेलाचा असा भपकारा आला की माझे डोळे चुरचुरले. मिस्टर पर्नेल खुर्चीत बसून संत्रं सोलत होते. वाळून खारीक झालेला माणूस, पण आवाज पाद्र्यासारखा. म्हणाले, "त्या टांगलेल्या पिशवीला मार बघू एक."

वर्डेलनं मारला. छताची साखळी उडाली आणि वरून चुना पडला. मी बघतच राहिले. एवढा मोठा धांदरट पोरगा, दार उघडताना दाराची मूठ उपटणारा, आणि त्या क्षणी तो असा दिसला की जणू अंगाचा प्रत्येक तुकडा आपापल्या जागी जाऊन बसलाय. मिस्टर पर्नेलचे डोळे चमकले, आणि लगेच चेहरा पडला.

"डावखुरा आहे का गं हा?"

"हो. त्यात काय?"

"अरेरे," ते म्हणाले. डॉक्टर वाईट बातमी सांगतात ना, तसं.

मग त्यांनी मला बसवून समजावलं. उजव्या हाताचा माणूस डावा पाय पुढे टाकून उभा राहतो, डाव्या हातानं टोचत राहतो आणि जोराचा उजवा मागे ठेवतो. डावखुरा नेमका उलटा. सगळे आयुष्यभर उजव्यांशी खेळलेले असतात, त्यामुळे डावखुरा समोर आला की भल्याभल्यांची भंबेरी उडते. "मग चांगलंच की!" मी म्हटलं. "चांगलं काय, कपाळ! त्याच्याशी जिंकलं तर कौतुक नाही, हरलं तर नाचक्की. कुठला मॅनेजर आपला माणूस त्याच्यापुढे उभा करील? आणि त्यात हा एवढा धिप्पाड! घरी बसून म्हातारा होईल पोरगा."

म्हणून त्यांनी वर्डेलला उजव्यावर फिरवला. तेव्हा सगळेच मास्तर डावखुऱ्यांना फिरवायचे, यात नवल काही नव्हतं. जमिनीवर खडूनं पावलं काढली, त्याचा डावा कोपर पट्ट्यानं छातीशी बांधला, आणि महिनोन् महिने त्याला उजव्यासारखं उभं राहायला लावलं. शाळेत मास्तरीणबाईंनी पट्टी मारून लिहिण्याचा हात बदलला होताच, आता भांडण्याचाही बदलला. तो काही बोलला नाही. आमच्या घरात बोलायचं खातं माझ्याकडे होतं.

पण मिस्टर पर्नेल पक्के मुरलेले होते. ती साखळी उडालेली ते विसरले नव्हते. रात्री तालीम रिकामी झाली, खिडक्यांवर कागद लावला, की ते वर्डेलला म्हणायचे, "आता तुझ्या पायांवर उभा राहा." आणि त्याला डाव्यानं शिकवायचे. मला जिन्याखालीच थांबायला लागायचं. वरून फक्त आवाज यायचा. मी विचारलं तर म्हणाले, "हे कुणी बघायचं नाही, ओडेसा. हे एकदाच वापरायचंय. ज्या दिवशी हा जगाच्या चॅम्पियनच्या पट्ट्यासाठी उभा राहील, त्या दिवशी समोरचा उजव्यासाठी तयार होऊन येईल, आणि आपण पाय बदलू. त्याआधी एकदा जरी दाखवलंस ना वर्डेल, तर दुसऱ्या दिवशी डेट्रॉइटपर्यंत कळेल. मग ना कुणी तुझ्याशी लढतीची सही करणार, ना पट्टा." हे मात्र खरं होतं. मी केस करायचं दुकान चालवते, चुगल्यांचं मला काय नवल? पण बॉक्सिंगवाल्या बाप्यांसारखे चुगलखोर मी बायकांत पाहिले नाहीत.

तर असा आमचा वर्डेल पिंकनी व्यावसायिक हेवीवेट झाला, उधारीच्या हातानं. तसा वाईट नव्हता हं. आमच्याच रस्त्यावरच्या हॉलमध्ये तो पहिल्या लढती धडाधड जिंकला. शुक्रवारी लढत, शनिवारी माझ्या दुकानात बायका केस सरळ करून घेताना "काल आपल्या वर्डीनं काय धुतला गं त्याला!" असं म्हणायच्या, आणि मी गरम कंगवा हातात धरून राणीसारखी उभी. पण बाहेरगावी चांगली माणसं समोर आली की उजवा वर्डेल म्हणजे नुसता बरा. बॉल्टिमोरला हरला. टोलीडोला तर पंचांनी लुबाडलंच, पण लुबाडता येण्याइतकी लढत अटीतटीची होऊ द्यायची कशाला? मी पहिल्या रांगेतून घसा फोडून ओरडत होते, "बदल ना पाय! बदल!" शेजारच्यांना वाटलं बाई पिऊन आली आहे.

घरी आल्यावर तो मिठाच्या पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून बसायचा. मी म्हणायचे, "अरे, एकदा काढला असतास तर तो टोलीडोवाला अजून झोपलेला असता."

"अजून नाही, डेसा."

"मग कधी? माझ्या मयताला?"

"मोठी लढत येऊ दे."

त्याचं सगळंच तसं. व्हर्नेट नावाची गुणी मुलगी होती, चर्चच्या गायनात माझ्या शेजारी उभी राहायची. हा तिला म्हणाला, पट्टा मिळू दे, मग लग्न. तिनं बिचारीनं किती वाट बघावी? शेवटी ट्रॅम चालवणाऱ्या एकाशी तिचं लग्न झालं. वर्डेलनं नवा सूट घालून जाऊन केक खाल्लान्, आणि घरी येऊन सूट न काढता संध्याकाळपर्यंत खिडकीत बसला. मला त्याचा राग यायचा, आणि रागापेक्षा जास्त जीव तुटायचा. चांगलं ताट काढून जपून ठेवायचं आणि रोज तडकलेल्या बशीत जेवायचं, असं त्याचं आयुष्य चाललं होतं. आणि मला तर आता एकच आस लागली होती. पट्टा नको, पैसा नको, हा मला एकदा डाव्यानं लढताना दिसू दे. पहिल्या दिवशी पिशवीवर दिसला तेवढाच होता.

हरत गेलं की या धंद्यात माणसाला दुसऱ्यांच्या सरावाला लावतात. वर्डेलचंही तेच झालं. चॅम्पियन होता रॉस्को टालबर्ट. डोंगरात त्याचा सरावाचा तळ होता आणि तिथं मार खायला धिप्पाड माणसं लागायची. वर्डेल गेला. त्या वेळी टालबर्टची लढत ठरली होती एका जर्मनाशी, आणि तो जर्मन निघाला डावखुरा. सरावाला डावखुरा हेवीवेट आणायचा कुठून? सगळ्या मास्तरांनी लहानपणीच फिरवून ठेवलेले! एक मिळाला, त्याची बरगडी मोडली. दुसरा पहाटे बॅग घेऊन पळाला. मग न्याहारीच्या टेबलावर तळाचा मॅनेजर म्हणाला, "तुमच्यापैकी कुणाला डाव्याचं सोंग आणता येईल का?"

वर्डेलनं तोंडातलं अंडं गिळलं आणि म्हणाला, "मला."

हे कळल्यावर मिस्टर पर्नेल माझ्या दुकानात आले. भर शनिवारी, बायकांनी गच्च भरलेल्या दुकानात तो म्हातारा टोपी हातात चुरगाळत उभा राहिला. "उधळलंन्, ओडेसा. सगळं राखलेलं उधळलंन्, आणि ते कुणापुढे? ज्याच्यासाठी राखलं त्याच्याचपुढे!" मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. तेव्हा मीही वर्डेलवर जाम चिडले होते.

महिनाभरानं तो परत आला आणि मी दारातच धरला. "अक्कल गहाण टाकली होतीस का? इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर हरत राहिलास, आणि तिथं, चार भिंतींत, कुणी बघत नसताना..."

तो शांतपणे बसला. "पट्टा येणार नव्हता, डेसा. मला टोलीडोलाच कळलं होतं. तुम्हा दोघांना सांगायचं कुणी?"

मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून ऐकायला बसले. आमच्याकडे हे फार वेळा घडत नाही.

मग त्यानं सांगितलं, ओट्यावरच्या घेवड्याच्या शेंगा निवडत, माझ्याकडे न बघता. पहिल्या दिवशी पाय बदलून उभा राहिला तेव्हा पावलं एकमेकांत अडकली. दुसऱ्या दिवशी नाही. मग तर सकाळी उठून पळायला जातानासुद्धा हसू यायचं. टालबर्टला त्याचा हात कुठून येतोय ते कळायचंच नाही. आणि एका गुरुवारी टालबर्ट खाली बसला. जगाचा चॅम्पियन, बुडावर! तळावरचे सगळे मास्तर भिंतीकडे बघायला लागले, कारण तळावरचं तळावरच ठेवायचं असा तिथला कायदा. टालबर्ट उठला, नाक पुसलंन् आणि म्हणाला, "उद्या परत. तोच ठोसा." माणूस चांगला होता म्हणे.

"कसा होता ठोसा?" मी विचारलं.

"चांगला होता," वर्डेल म्हणाला आणि शेंगांचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

जर्मनाशी लढत आम्ही सिनेमा थिएटरात पडद्यावर पाहिली. टालबर्ट त्या जर्मनाचा डावा हात असा चुकवत होता की लोक खुर्च्यांवर उभे राहिले. शेजारी वर्डेल पुटपुटत होता, "आता डावीकडे सरक... हां... आता खाली..." आणि पडद्यावरचा चॅम्पियन तस्सं करत होता. जिंकल्यावर त्यानं देवाचे आभार मानले, आईचे मानले, मास्तरांचे मानले. सरावाला मार खाणाऱ्यांची नावं कोणी घेत नाही, तशी पद्धतच नाही. माझ्या मागचा माणूस म्हणाला, "याला कुणी शिकवलं असेल हे?" मी वळले होते, पण वर्डेलनं माझा दंड धरला.

त्यानंतर त्याच्याशी सही करायला कुणीच येईना. मिस्टर पर्नेल म्हणाले होते तसंच झालं, अगदी डेट्रॉइटपर्यंत कळलं. वर्डेल मांसाच्या बाजारात कापलेले अर्धे बैल खांद्यावरून उतरवायला लागला. संध्याकाळी मात्र तालमीत जायचाच. मी म्हणायचे, "आता कशाला?" तर म्हणायचा, "सवय."

आणि मग एकदम, आमच्या रस्त्यावरच्या हॉलमध्ये कुणीतरी आजारी पडलं आणि एका चढत्या पोरासमोर माणूस हवा झाला. लमाँट क्रीफ त्याचं नाव, अजून हरला नव्हता. त्याचा मॅनेजर म्हणाला, म्हातारा झालाय पिंकनी, आता डावा असो नाहीतर उलटा लटकणारा असो. मिस्टर पर्नेलना तोवर जिना चढवत नव्हता, पण निरोप पाठवलान्, "आता लपवायचं काय राहिलंय? तुझ्या पायांवर उभा राहा." वर्डेल स्वतः मला तिकीट द्यायला दुकानात आला. तिसऱ्या रांगेत, मधोमध. म्हणाला, "पहिल्या रांगेतून पाय दिसत नाहीत नीट. इथून सगळं दिसतं."

बाई गं, मला त्या आठवड्यात जेवण गेलं नाही. दोघींचे केस मी जास्त तापवले आणि वर त्यांनाच रागावले. शुक्रवारी दुपारीच दुकान बंद केलं, चर्चची जांभळी टोपी घातली, मग मागच्यांना आडवी येईल म्हणून काढून मांडीवर ठेवली.

घंटा झाली आणि वर्डेल उजवा पाय पुढे टाकून उभा राहिला. आपल्याच लोकांसमोर पहिल्यांदा. आणि आपलेच लोक हसायला लागले.

त्यांचंही काय चुकलं? इतकी वर्षं त्यांनी त्याला दुसऱ्या बाजूनं बघितलेला. त्यांना वाटलं वर्डी म्हातारपणी माकडचाळे करतोय. माझ्या पुढच्याच खुर्चीत होझिया टब्ज बसलेला, आमचा मासेवाला, ज्याच्या आवाजानं सकाळी गल्ली उठते तो. "अरे वर्डी, उलटा उभा राहिलास! सरळ हो, बाबा, सरळ हो!" आणि सगळा हॉल त्याच्या मागून, "सरळ हो! सरळ हो!" वर्डेलनं पाय हलवले नाहीत. पण तो हळू झाला होता. हात जिथे पोचायचा तिथून पोरगा आधीच निघून गेलेला असायचा. पहिली फेरी गेली, दुसरी गेली. मी ओठ चावून बसले, मनात म्हणत होते, देवा, एकदा. एकच.

तिसऱ्या फेरीत टब्ज उभा राहिला आणि हात वर करून नाचायला लागला. "बघा, बघा, म्हातारा नाच शिकतोय!"

झालं. माझा तोल सुटला. मी त्याची कॉलर मागून पकडली आणि त्याला माझ्याकडे फिरवला. "बूड टेक, मेल्या! कुजके मासे विकणाऱ्या, तुझ्या तोंडाला वास येतोय! तो माझा भाऊ आहे, आणि तो आज पहिल्यांदा..."

तेव्हाच आवाज आला. दमदार, आखूड आवाज, आणि त्यानंतर सगळ्या हॉलनं एकदम श्वास आत घेतला.

मी वळले तेव्हा क्रीफ दोरांखाली बसलेला होता, पाय फाकवून, वाळूत खेळणाऱ्या पोरासारखा. वर्डेल कोपऱ्याकडे चालला होता. त्याचा डावा हात खाली आला होता.

पंचांनी दहा मोजायच्या आत, नवाच्या आकड्याला पोरगं उठलं. तरुण होतं, उठणारच. पुढे वर्डेल दमला आणि पंचांनी निकाल पोराला दिला, तो बरोबरच दिला. ती त्याची शेवटची लढत.

कपडे बदलायच्या खोलीत तो टेबलावर बसला होता, डोळ्यावर बर्फ. मला बघून हसला. "बघितलास?"

खोटं बोलायला हवं होतं का? मला येत नाही. "नाही रे. टब्जशी भांडत होते."

तो आधी बघत राहिला, मग हसायला लागला, असा हसला की बरगडी धरून आडवा झाला. "सगळ्या गल्लीनं बघितला, आणि तू नाही? तू!" मीही हसले, रडता रडता.

त्याला आता खूप वर्षं झाली. पण माझ्या खुर्चीत नवीन कुणी बसलं आणि या भागातलं निघालं की मी विचारतेच, "तुम्ही होतात का हो त्या शुक्रवारी?" होते म्हणतात. आणि मग सांगतात. एक म्हणते खालून आला, एक म्हणते वरून. न्हावी डूली म्हणतो, वर्डी मागे सरकता सरकता मारून गेला. टब्जसुद्धा सांगतो, अगदी रंगवून. मी एकदा म्हटलं, "अहो, तुमची मान माझ्या मुठीत होती, तुम्ही कुठून बघितलात?" तर म्हणतो, "ऐकून ऐकून मला दिसायला लागलाय, मिस ओडेसा." नशीबवान आहे. मला नाही दिसत. मी कंगवा तापवताना डोळे मिटून बघते, फार प्रयत्न करते, पण क्रीफ बसलेलाच दिसतो. त्याच्या आधीचं काही नाही.

वर्डेल आता माझ्याच घरी, वरच्या खोलीत राहतो. सकाळी शाळेसमोर पोरांना रस्ता ओलांडून देतो. रविवारी चर्चनंतर आम्ही दोघंच जेवतो. परवाच्या रविवारी कोंबडी खाऊन झाली, तो हात पुसत होता, आणि मला राहवेना.

"एकदा दाखव ना रे. हळू. नुसता."

"समोर माणूस नसताना तो ठोसा नसतो, डेसा. नुसता हात असतो."

"मी उभी राहते." मी चष्मा काढून ठेवला आणि खरंच उभी राहिले, एप्रन घालून.

तो हसला. "तुला मारला तरी तुला दिसायचा नाही. ज्याला लागतो त्याला कधीच दिसत नाही."

"आणि मारणाऱ्याला?"

"त्यालाही नाही. हाताला कळतं फक्त." मग त्यानं टेबलावरचे खरकटे तुकडे बोटानं एका जागी गोळा केले. "म्हणून तर तुला तिथं बसवलं होतं. म्हटलं, घरी आल्यावर तू सांगशील मला, कसा दिसला ते."